कुणी मेलं नाही, तरी बातमी

पार्वतम्मा एखादी बातमी नाकारायची तेव्हा ती कागद फाडत नसे, चुरगाळत नसे, की पाठवणाऱ्याला शिव्याही घालत नसे. चष्मा कपाळावर चढवून ती एवढंच विचारायची, "हे वाचून उद्या सकाळी कोन काय करनार हाय?" समोर मी असेन तर उत्तर मी शोधायचं. सापडलं नाही की कागद टेबलाच्या डाव्या बाजूला जायचा, आणि डावीकडे गेलेला कागद परत उजवीकडे आलेला मी कधी पाहिला नाही.

मी विनीता, मूळची नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि 'मांजरातीर' नावाच्या दैनिकात उपसंपादक म्हणून चिकटले. आम्ही गोदावरीकाठची माणसं, आणि येऊन पडले टँकरच्या गावात. याचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता आणि तो मी लपवतही नव्हते. पार्वतम्मा माझी वरिष्ठ, जिल्ह्याच्या पानाची प्रमुख. पन्नाशी ओलांडलेली, उंच, इरकली लुगड्यातली, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर बोलली तर खालच्या छापखान्यात कळावं. आमचे मालक-संपादक वसंतराव तिला अम्मा म्हणत, मग बाकीचेही म्हणत. वसंतराव फक्त दोघांना घाबरायचे, एक अम्माला आणि दुसरं जाहिरातदारांना. दोन्ही भीती एकाच दिवशी समोर उभ्या राहिल्या की त्यांना ॲसिडिटी व्हायची.

आमच्यासारख्या छोट्या पेपरांत तालुक्याचा एजंट हाच वार्ताहर असतो आणि जाहिरात गोळा करणाराही तोच. सकाळी पेपर वाटतो, दुपारी बातमी लिहितो, संध्याकाळी जाहिरातीसाठी दुकानं हिंडतो. बातम्यांची पाकिटं एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि आमचा शिपाई लातूरच्या स्टँडवरून ती उचलून आणायचा. त्या पाकिटांत काय असणार? ज्यानं जाहिरात दिली त्याचा वाढदिवस 'उत्साहात', ज्यानं दिली नाही त्याचा नुसताच 'साजरा'. वृक्षारोपण, सत्कार, निवड झाल्याबद्दल अभिनंदन. अम्मा रोज दुपारी हा ढीग उपसायची आणि त्यातून चार कामाच्या बातम्या काढायची. हे काम सोपं आहे असं पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं.

देवणीच्या एजंटानं एकदा दोन बातम्या पाठवल्या. एक होती सभागृहाच्या उद्घाटनाची, फोटोसकट, तीन पानं. दुसरी चार ओळींची होती. जनावरांच्या बाजारात दोन बैलांच्या तोंडाला फेस आणि खुरांना जखमा दिसल्या, एवढंच. अम्मानं चार ओळींची बातमी पानाच्या डोक्यावर घेतली आणि सभागृह डावीकडे सरकवलं. मी हसले. बैलाच्या तोंडचा फेस पानाच्या डोक्यावर! दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतून कुणी बाजाराला जनावर नेलं नाही आणि जनावरांचे डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लशी घेऊन देवणीत पोचले. सभागृहवाल्या पुढाऱ्याचा फोन आला तो अम्मानंच घेतला. म्हणाली, "सभागृह उद्याबी तिथंच राहील हो. पळून जानार हाय का?" त्यानंतर मी हसणं बंद केलं आणि शिकायला लागले.

तिला या धंद्यात भूकंपानं आणलं. तोपर्यंत ती रेणापूरला होती. नवरा बसलिंगप्पा आमच्या पेपरचा तिथला एजंट. त्र्याण्णव साली गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा बसलिंगप्पा फोटोग्राफरला मोटारसायकलवर घेऊन किल्लारीकडे गेला. पेपरचा स्टॉल अम्माकडे. पुढचे काही दिवस सगळ्या देशाचे पत्रकार येऊन ढिगाऱ्यांवर लिहून गेले. अम्माच्या स्टॉलवर येणारी माणसं मात्र किती मेले ते विचारत नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता, आमची माणसं कुठं नेली? जखमींना मिळेल त्या ट्रकनं, जीपनं, मिळेल त्या दवाखान्यात नेलं होतं. कुणी लातुरात, कुणी सोलापुरात, कुणाचा पत्ताच नाही. अम्मानं स्टॉल बंद केला, लातूर गाठलं, दवाखान्यांतून वॉर्डावॉर्डात हिंडली आणि कोणत्या गावचे जखमी कुठं आहेत ते लिहून काढलं. बसलिंगप्पा म्हणाला, ही काय बातमी झाली? तिनं त्याचं न ऐकता पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं. वसंतरावांनी ते पहिल्या पानावर छापलं आणि माणसं तो पेपर हातात धरून आपल्या माणसांपर्यंत पोचली.

पुढं बसलिंगप्पा हृदयविकारानं गेला. वसंतराव स्वतः रेणापूरला जाऊन तिला म्हणाले, लातूरला या, जिल्ह्याचं पान सांभाळा. ती लगेच हो म्हणाली. फक्त एक अट घातली. पानावर काय लागेल ते ती ठरवेल, मालकांनी मध्ये हात घालायचा नाही. बाईला स्वतःबद्दल शंका कशी ती नव्हतीच. मला सुरुवातीला याचा राग यायचा, कारण मला स्वतःबद्दल पोतंभर शंका होत्या.

मी आले तोवर लातूर बदललं होतं. डाळ मिलांचं गाव आता क्लासेसचं झालं होतं. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून पोरंपोरी बारावीला इथं यायची, डॉक्टर व्हायला. एका खोलीत चार कॉट, खाली मेस, वर अभ्यासिका. निकाल लागला की आमच्या पेपरला दिवाळी. पान पान भरून गुणवंतांचे फोटो. एकाच मुलीचा फोटो तीन क्लासेसच्या जाहिरातीत असायचा आणि अम्मा विचारायची, "ही पोरगी एका टायमाला तीन ठिकानी बसली कशी?" पण जाहिरातीवर तिचा राग नव्हता. जाहिरात जाहिरातीच्या जागेवर आहे तोवर तिची काही हरकत नव्हती.

तर त्या जानेवारीतली गोष्ट. भूकंपाला बारा-तेरा वर्षं झाली होती, बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. दिवेलागणीची वेळ. मी एका सत्काराच्या बातमीतली विशेषणं तोडत बसले होते, एवढ्यात ट्यूबलाइट हलायला लागली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकला. नांदेडच्या माणसाला हे कळायला दोन क्षण लागतात. लातूरच्या माणसाला लागत नाहीत. मी मान वर केली तर खोली रिकामी! अम्मा सगळ्यांत आधी खाली पोचली होती. उगाच शौर्य दाखवायची हौस तिला नव्हती. मी अनवाणी जिना उतरले, पर्स वरच राहिली.

सगळं लातूर रस्त्यावर. गॅसवर कुकर तसाच, हातात पिठाची परात घेतलेल्या बायका, कडेवर पोरं, टॉवेल गुंडाळलेले पुरुष. जो तो आपली माणसं मोजत होता. पुन्हा काही हललं नाही. दहा मिनिटांनी लोकांना हसू यायला लागलं, टॉवेलवाले आडोशाला गेले. भीती मात्र खरी होती. त्या भागातल्या कितीतरी घरांत भूकंपानंतर रात्री दाराला आतून कडी लावत नाहीत. दार नुसतं लोटून ठेवतात, चोर आला तर येऊ दे म्हणतात. पळायला वाट पाहिजे.

वसंतराव फोनवर फोन करत होते. धक्का अगदी सौम्य होता, कुठं पडझड नाही, हे त्यांना कळलं. तरी त्यांचे डोळे चमकत होते. "अम्मा, आठ कॉलम! 'लातूर पुन्हा हादरले'!"

"कुनाला सांगता?" अम्मा म्हणाली. "सगळं गाव रस्त्यावर उभं हाय. त्यांना जे म्हाईत हाय ते पैसे घेऊन त्यांनाच सांगता व्हय? एक कॉलम लावा, नुकसान न्हाई म्हना, लोक घरात जाऊन झोपतील."

"मग बातमी काय?"

अम्मा गर्दीकडे बघत उभी होती. मग मला म्हणाली, "विनीता, रस्त्यावर कोन न्हाई ते बघ."

मला आधी समजलंच नाही. सगळेच तर होते. तिनं रिक्षाला हात केला आणि आम्ही क्लासेसच्या भागात गेलो. तिथं पोरांचा नुसता धुमाकूळ. अभ्यासातून फुकटची सुटी मिळाली म्हणून चहाच्या टपरीवर जत्रा भरली होती. पोरंच पोरं. एवढ्या मोठ्या गर्दीत पोरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि मग आवाज ऐकू आला.

तीन मजली इमारत होती, आलोक सरांच्या क्लासच्या मुलींचं वसतिगृह. खाली लोखंडी चॅनल गेट ओढलेलं आणि त्याला बाहेरून कुलूप. गेटच्या आत, जिन्यावर, एकमेकींवर रेलून मुली उभ्या. गजांतून हात बाहेर. काही रडत होत्या, काही किल्ली, किल्ली म्हणून ओरडत होत्या. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासाची वेळ, त्या वेळात गेट बंद. किल्ली रेक्टर केवळाबाईंच्या कमरेला, आणि केवळाबाई जमीन हलल्याबरोबर पलीकडच्या गल्लीत आपल्या सुनेकडे धावल्या होत्या. गर्दीतनं वाट काढत त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेऊन कुलूप अम्मानंच उघडलं. जमीन हलल्याला तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती.

एक बारकी, काळीसावळी मुलगी उजवा हात पोटाशी धरून बाहेर आली. गेट रेटताना गजांच्या कात्रीत तिची बोटं सापडली होती. श्रद्धा तिचं नाव. ती रडत नव्हती. केवळाबाईंना म्हणाली, "मावशी, पुन्हा हललं असतं तर?" केवळाबाई पायरीवर बसल्या. "मी हौसेनं लावते का गं कुलूप?" त्या अम्माकडे बघून म्हणाल्या. "आईबापच म्हनतेत, कुलूप लावा. कुलूप हाय का विचारूनच पोरीला ठेवतेत."

आम्ही तिथून आणखी चार ठिकाणी गेलो. तीन ठिकाणी तेच. एके ठिकाणी तर धक्का बसून तासभर झाला तरी कुलूप तसंच होतं आणि वॉचमन आम्हाला सांगत होता की काळजी करू नका, आत कुणी शिरू शकत नाही.

ऑफिसात परतलो तर आलोक सर येऊन बसलेले. हा माणूस वाईट नव्हता हे मला लिहिलंच पाहिजे, लिहिताना जिवावर येतं तरी. फिजिक्स असं शिकवायचा की बंद खिडकीबाहेर उभी राहून पोरं ऐकायची. आमच्या पेपरातली सगळ्यांत मोठी जाहिरातही त्याचीच. तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, मी स्वतः हादरलोय. पण परीक्षा तोंडावर आहे. हे छापलंत तर पालक घाबरून मुलींना घरी नेतील. वर्ष बुडेल त्यांचं. आणि कुणाला काही झालेलं नाही ना! जे घडलं नाही त्याची बातमी कशी होते?"

"घडलं न्हाई कसं? पंचवीस मिनिटं घडलंय," अम्मा म्हणाली.

वसंतरावांनी पोट चोळलं. "पण अम्मा, कुणी मेलं नाही हे तर खरंय."

"म्हनूनच छापायचं. मेल्यावर त्र्यान्नवला बख्खळ छापलं की आपन. आधी छापायची पाळी पेपरवर किती येळा येते, वसंतराव?"

आलोक सरांचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "निदान नाव तरी टाकू नका."

"न्हाई टाकत," अम्मा म्हणाली.

मी उडालेच. सर गेल्यावर मी अम्मावर अक्षरशः तुटून पडले. घाबरलात ना, म्हटलं. शेवटी जाहिरातच मोठी ठरली. देवणीच्या पुढाऱ्याला सुनावणं सोपं, इथं पगार अडकलेत. बरंच काही बोलले, वसंतरावांसमोर बोलले. अम्मानं मला पूर्ण बोलू दिलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"त्याचं नाव टाकलं तर उद्या काय होईल? लोक म्हनतील, त्या सराचं होस्टेल लई खराब. पोरगी उचलतील अन् शेजारच्या होस्टेलात नेऊन ठेवतील. तिथंबी कुलूपच हाय. तू बघून आलीस की आत्ता. नाव न्हाई टाकलं तर हरेक बाप उठून आपल्या पोरीचं गेट बघायला येईल."

पत्रकारितेच्या डिप्लोमात मला नाव छापण्याचं धैर्य शिकवलं होतं. नाव न छापण्यातही बातमीचा जोर वाढू शकतो हे त्या संध्याकाळी कळलं आणि माझा जळफळाट झाला. पण बातमी मीच लिहिली. मथळा अम्मानं दिला, 'जमीन हलली तेव्हा मुली कुलपात होत्या'. खाली एक चौकट: तुमच्या मुलीच्या वसतिगृहाची किल्ली संध्याकाळी कुणाकडे असते?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एसटी स्टँडवर बापांची रीघ लागली. रेणापूर, निलंगा, औसा, अहमदपूर. धोतरवाले, पँटवाले, गुरुजी, दुकानदार. क्लासेसच्या भागात प्रत्येक गेटपुढं चारदोन माणसं उभी. वसंतराव खिडकीतून बघत म्हणाले, "अम्मा, पेपर संपले." मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, फार वाटला.

आणि तेव्हाच माणिकप्पा ऑफिसात आला. डोक्याला पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात आमचा पेपर. दारातूनच अम्माला हात जोडून "शरणार्थ" म्हणाला आणि खुर्ची पुढं केली तरी बसला नाही.

"श्रद्धाचा बाप मी. बातमी तुम्ही लिवली का?"

"हाव. बसा."

"बसत न्हाई. पोरीला न्यायला आलो. पन जाताना तुम्हाला सांगून जावं म्हनलं. कुनी मेलं न्हाई, कुनाचं घर पडलं न्हाई, अन् तुम्ही एवढाल्या अक्षरात छापून ऱ्हायले. आता ते सर म्हनतेत, गेट उघडं ठिवतो. उघड्या गेटात मी पोरगी ठिवत न्हाई. बाहेर बघितलं का कसली पोरं फिरतेत? तिला डागदर व्हायचं हाय, चौथीपासून एकच सांगती. तिचं वरीस तुम्ही बुडिवलं."

माझा अभिमान जागच्या जागी विरला. आलोक सर म्हणाला होता तेच समोर उभं होतं. एका हुशार मुलीचं वर्ष आमच्या चौकटीपायी जात होतं, आणि मी तिला काल गेटातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

अम्मा मात्र डगमगली नाही. "कुलूप होतं तेव्हा चाललं तुम्हाला?"

"मीच सांगितलं होतं लावायला. सराला सांगून ठिवलं होतं, कुलूप असंल तरच पोरगी ठिवतो."

"घरी कडी लावता का रात्रीला?"

तो एकदम थांबला. पेपरची गुंडाळी दोन्ही हातांनी दाबत उभा राहिला. म्हणाला, "न्हाई. त्र्यान्नवपासून न्हाई." मग आणखी हळू आवाजात, "दार आतून बंद होतं. वरनं माती आली, कडी निघंना. मी अन् ही पोरगी वसरीवर होतो म्हनून वाचलो. हिची आईबी वाचली. पोरगा आत होता."

मी वही उघडून विचारलं, "काय नाव होतं मुलाचं?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली.

"चला," अम्मा उठली. "पोरीला न्यायची तर न्या. पन तिला विचारून न्या."

आम्ही तिघं रिक्षानं वसतिगृहावर गेलो. गेट अर्धवट ओढलेलं, केवळाबाई किल्ली मुठीत घेऊन उभ्या, समोर आणखी तीन बाप. श्रद्धा खाली आली, बोटांना पट्टी. बापानं तिच्याकडे न बघता सांगितलं, "वळकटी बांध. जायचं आपल्याला."

"न्हाई येत, आप्पा."

"उघड्या गेटात ऱ्हानार हायस?"

"उघडं कशाला? कुलूप लावा की," श्रद्धा म्हणाली. "पन आतून लावू. किल्ली आमच्याजवळ द्या."

"अन् तू उघडून बाहेर गेलीस तर?"

"जाईन की. हललं तर जाईनच." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "न्हाई हललं तर कुठं जाऊ, आप्पा? पेपर महिन्यावर आलाय. अन् तुम्ही माझ्यावर भरोसा ठिवायचा का गेटावर, ते सांगा. दादा आत होता तेव्हा कडी कुनालाच काढता आली न्हाई. काल तर किल्ली होती, पन माझ्याजवळ नव्हती."

समोरचे तीन बाप जमिनीकडे बघत होते. मी अम्माकडे बघितलं, तिला या घडीला काहीतरी म्हणायचं असेल असं मला वाटलं, पण ती गेटाला टेकून नुसती उभी होती. माणिकप्पानं पटका काढला, पुन्हा बांधला. मग केवळाबाईंपुढं हात केला. "द्या ती."

केवळाबाईंनी किल्ली दिली. त्यानं ती मुलीच्या चांगल्या हातात ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हातानं बंद केली. "पहिलं तू बाहेर पड. पुस्तकं मागनं," म्हणाला. तो वळला आणि भराभर चालत रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, तेव्हा त्याच्या पाठीकडे बघून मला रडू आलं. मागं राहिलेल्या बापांपैकी एकानं केवळाबाईंना विचारलं, आणखी किल्ल्या करून मिळतील का?

मी ऑफिसात येऊन झपाटल्यासारखं लिहिलं. वसरी, माती, न निघालेली कडी, आत राहिलेला मुलगा, आणि तेरा वर्षांनी मुलीच्या मुठीत दिलेली किल्ली. मी लिहिलेल्यांपैकी ती सर्वांत चांगली बातमी होती. वसंतरावांचे डोळे भरून आले, ते म्हणाले, पहिल्या पानावर घेऊ. अम्मानं पेन घेतलं आणि वरच्या सगळ्या ओळी तोडल्या. खाली उरलं ते एवढंच: एका वसतिगृहात आता कुलूप आतून लावायला आणि किल्ली मुलींकडे द्यायला सुरुवात झाली आहे, पालकांनी तशी मागणी करावी.

"अम्मा, तोच तर बातमीचा जीव होता!"

"हाव, लोक रडतील. रडून काय करतील? किल्ली मागतील ते ह्या चार ओळी वाचून." तिनं पेनाला टोपण लावलं. "अन् पोरगा त्याचा हाय. त्यानं तुला दिला न्हाई, तू वही उघडली तवा बघितलं की मी."

मी त्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोलले नाही. घरी जाऊन भांडी आपटली. चार ओळी सिंगल कॉलमात आल्या, माझ्या नावाशिवाय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला माणिकप्पा परत आला. रात्री तो एका नातलगाच्या डाळ मिलवर राहिला होता, आता गावाकडची गाडी धरायची होती. त्याच्या हातात पेपर होता आणि पानं उलटून उलटून चुरगाळलेली. यावेळी तो न सांगता अम्मासमोर बसला.

"सगळा बघितला," तो म्हणाला. "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. रातभर झोप न्हाई, आता आमचं सगळं गावाला वाचायला मिळंल म्हनून. माझं काहीच न्हाई लिवलं."

"न्हाई," अम्मा म्हणाली. "तुमचं हाय ते."

त्यानं मान हलवली. शिपायानं चहा आणून ठेवला. माणिकप्पानं कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातात वही नव्हती. मग अम्माकडे वळून तो म्हणाला, "पंचाक्षरी. त्याचं नाव पंचाक्षरी होतं. सातवं लागलं होतं त्याला."

"कसा होता?" अम्मानं विचारलं.

तो सांगायला लागला. चार वाजता पाकिटं आली ती मी एकटीनं उघडली, आणि बाजूच्या टेबलावर तो अजून सांगत होता.